झेनॉनचं सोवळं

पनागरच्या रस्त्यावर, जबलपूर शहर संपून भाजीचे मळे सुरू होतात तिथं आमची संस्था होती. नाव 'श्री नर्मदा मूलकण विज्ञान प्रतिष्ठान'. रेल्वेतून निवृत्त होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हा संस्थेचे संचालक भय्यासाहेब देवपुजारी स्वतः दारात आले आणि म्हणाले, "नीलकंठजी, रिकामं काहून बसता? चला, आम्ही विश्वाचं रहस्य उलगडून राहिलो." विश्वाचं रहस्य उलगडताना विजेचं बिल भरायला, चहा सांगायला आणि पाहुण्यांच्या चपला सांभाळायला कोणीतरी लागतंच. त्या कामावर मी रुजू झालो.

चपलांचं यासाठी सांगतो, की प्रयोगशाळेत त्या घालून जायला मनाई होती. आत एक पोलादी पात्र होतं, दुधाच्या मोठ्या कॅनएवढं. त्यात झेनॉन नावाचा वायू शून्याखाली शंभर अंश थंड करून द्रव करून ठेवलेला असे. हवेत हा वायू इतका थोडा असतो की तो वेगळा काढायचा म्हणजे महाग काम. बाहेरून एखादा सूक्ष्म कण येऊन त्या द्रवावर आदळला की बारीकशी चमक होते आणि पात्रातले प्रकाश टिपणारे डोळे ती पकडतात. परदेशात डोंगरांच्या पोटात अशी माणसाहून उंच पात्रं आहेत, आणि विश्वातलं न दिसणारं द्रव्य त्यात कधीतरी चमकेल म्हणून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहतात. आमचं पात्र त्यांच्यापुढं लहान भावंड होतं, हात बसवायला आणि शिकायला घेतलेलं. पण ही गोष्ट भय्यासाहेबांनी कुणाला सांगितली नव्हती.

त्यांनी सांगितलं ते वेगळंच. "मध्य भारतातला सर्वांत शुद्ध पदार्थ आपल्या जबलपुरात आहे!" हे वाक्य माहितीपत्रकावर होतं, फाटकावर होतं आणि त्यांच्या तोंडी तर रोजच होतं. झेनॉनमध्ये दुसरा कसला अंश राहिला तर चमक नीट दिसत नाही म्हणून तो सतत गाळावा लागतो, एवढाच शुद्धतेचा अर्थ. पण शुद्ध हा शब्द कानावर पडला की आपल्या माणसांचे हात आपोआप जोडले जातात. दसऱ्याला पात्राला झेंडूचा हार पडू लागला. एका बाईंनी पात्रापुढं नारळही ठेवला.

दर सोमवारी भय्यासाहेब पाहुण्यांसमोर यंत्र तपासून दाखवत. म्हणजे काय, तर किरणोत्सारी पदार्थाची एक बटणाएवढी चकती चिमट्यात धरून पात्राच्या बाहेरून लावायची. लगेच पडद्यावर आकडे उसळत. "पाहा, जागं आहे!" असं भय्यासाहेब म्हणत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. मग मी चहा सांगत असे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना विनता बोकारे आली.

विनता जबलपुरातल्याच रांझीची. वडील तोफांच्या कारखान्यात होते, क्वार्टरमध्येच ती वाढली. पुढं शिकत शिकत परदेशात गेली आणि तिथं डोंगराखालच्या एका मोठ्या झेनॉन प्रयोगात बरीच वर्षं राहिली. आई गेल्यावर वडील एकटे पडले म्हणून परत आली. रोज रांझीहून मोटारसायकलवर यायची. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. पण बोलली की समोरच्याला खुर्चीत नीट बसावं लागे.

पहिल्या सोमवारचा कार्यक्रम तिनं शेवटच्या रांगेत उभं राहून पाहिला. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "सर, तपासणी एवढीच करता?"

"एवढीच म्हणजे? आकडे पाहिले नाहीत का तुम्ही?"

"पाहिले. पण ते सगळे काठावरचे आहेत. द्रव झेनॉन पाण्याच्या तिपटीनं जड असते सर. बाहेरून आलेले किरण दोन-चार बोटं आत जातात आणि तिथंच संपतात. म्हणून तर हे पात्र कामाचं, मधली जागा शांत राहते. पण त्याच कारणानं मधली जागा बाहेरून तपासता येत नाही. आपण दर सोमवारी फक्त वरची साल तपासून राहिलो."

"मग मधली कशी तपासायची?"

"आत मिसळून," विनता म्हणाली. "किरणोत्सारी वायू झेनॉनमध्येच विरघळवायचा. म्हणजे तो सगळीकडे पसरतो, आणि कुठं किती दिसते ते कळते. सगळीकडे असंच करतात."

भय्यासाहेबांनी हातातला चिमटा टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा देवघरात कोणी चपला घालून आल्यासारखा झाला होता. "बाई," ते म्हणाले, "दोन वर्षं गाळून राहिलो आम्ही हे. आणि तुम्ही त्यात विष टाकायचं म्हणता?"

"विष नाही सर, साक्षीदार म्हणा. त्याचं वागणं आपल्याला ठाऊक असते. यंत्र खरं बोलून राहिलं का खोटं, ते त्याच्यावरून समजते."

"यंत्र खरंच बोलते," भय्यासाहेब म्हणाले आणि बाहेर गेले.

पण विनता हटणारी नव्हती. सरकारी परवानगी लागते ती तिनं रीतसर आणली होती, थोरियमची छोटी बंद डबीही मागवून ठेवली होती. शेवटी विषय कार्यकारी समितीपुढं आला. समिती म्हणजे तीन माणसं. एक भय्यासाहेब. दुसरे बाबाराव वकील, जे बैठकीत नेहमी फक्त धोका शोधत. आणि तिसऱ्या भानुमतीकाकू. काकूंचे यजमान पुंडलिकराव कुंडमच्या बाजूला लाकडाचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या माघारी काकूंनी त्यांच्या स्मरणार्थ या पात्राचा खर्च उचलला होता. काकू सत्तरीच्या, सोवळ्याओवळ्याच्या कडक. संस्थेतला चहासुद्धा घेत नसत. घरून पितळी फिरकीच्या तांब्यात पाणी घेऊन येत. काकू असल्यामुळे भय्यासाहेब निर्धास्त होते.

"काकू," त्यांनी सुरुवात केली, "तुमच्या पैशानं आणलेल्या शुद्ध झेनॉनमध्ये या बाई विटाळ करू पाहून राहिल्या."

काकूंनी विनताकडं वळून विचारलं, "काय टाकतेस गं बाई त्याच्यात?"

विनता त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. "काकू, थोरियमच्या डबीतून थोरॉन नावाचा वायू निघतो. झेनॉन त्या डबीतून फिरवून आणायचं, म्हणजे तो थोरॉन सोबत येतो आणि मिसळतो. तो स्वतः मिनिटा-दोन मिनिटांत मरतो."

"मेला की मग?"

"मग त्याचं शिसं मागं राहते. तेही किरणोत्सारी. ते पात्रभर फिरते, तेच आपल्या कामाचं. अर्ध्या दिवसात ते अर्ध्यावर येते, मग पुन्हा अर्धं, असं करत सरते."

काकूंनी जरा विचार केला. "म्हणजे बाप आधी गेला, लेकरू मागं राहिलं. त्या लेकराचं सुतक. किती दिवस धरायचं?"

"चार-पाच दिवसांत काही उरत नाही. फार तर आठवडा."

"आणि नंतर धुवायला-पुसायला काही?"

"काही नाही. आपोआप फिटते."

काकू भय्यासाहेबांकडं वळल्या. "अहो, आमच्याकडे दहा दिवस पाळतात, आणि तेराव्याशिवाय घर मोकळं होत नाही. हे तर आपल्याहून बरं आहे. तुमची हरकत काय आहे?"

भय्यासाहेबांनी असं काही ऐकायची तयारी केलेली नव्हती. त्यांनी बाबाराव वकिलांकडं पाहिलं. बाबाराव घसा साफ करून म्हणाले, "माझा मुद्दा वेगळा आहे. माहितीपत्रकात 'सर्वांत शुद्ध' छापलेलं आहे. त्या आठवड्यात एखादा पाहुणा आला आणि त्यानं हात जोडले, तर कायद्याच्या दृष्टीनं ती फसवणूक होते."

यावर बरीच चर्चा झाली. त्या आठवड्यात पाहुण्यांना आत सोडायचं, पण हात जोडू द्यायचे नाहीत, अशीही एक सूचना आली. शेवटी भय्यासाहेबांनी माघार घेतली, पण स्वतःच्या थाटात. "ठीक आहे. पण 'मिसळणे' हा शब्द इतिवृत्तात येता कामा नये. 'संस्कार' लिहा, नीलकंठजी. पात्रावर संस्कार करण्यात येईल." मी तसं लिहिलं. संस्कारासाठी गुरुवार ठरला, कारण काकूंच्या मते बुधवार बरा नव्हता.

गुरुवारी सकाळी विनतानं झडप उघडली. मी मागं उभा होतो. काहीतरी घडेल म्हणून मी खिशात रुमाल तयार ठेवला होता, पण घडलं काहीच नाही. एक हलका फुसकारा आला आणि पंप नेहमीसारखा घरघरत राहिला. पडद्यावर मात्र ठिपके उमटायला लागले. वरून पाहिलेलं पात्र तिथं गोल ताटासारखं दिसत होतं, आणि जिथं चमक होईल तिथं एक ठिपका. आधी एका काठाला दाटी झाली. दुपारपर्यंत ठिपके ताटभर पांगले, कोणी मूठभर मोहरी भिरकावावी तसे.

विनता जेवायलाही उठली नाही. चारच्या सुमारास तिनं मला हाक मारली. "काका, इकडं या. मध्ये पाहा."

मी चष्मा पुसून पाहिलं. ताट मोहरीनं भरलेलं होतं, पण बरोबर मधोमध काळीभोर जागा होती. एक ठिपका नव्हता.

"अजून पसरलं नसेल," मी म्हणालो.

"चारी बाजूंनी पोचलं, मग मध्येच काहून नाही?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. तिच्या कपाळाला आठ्या होत्या. तेवढ्यात मागून भय्यासाहेब आले. त्यांनी पडदा पाहिला, एकदम थांबले, आणि माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मला रेल्वेतले हमाल आठवले.

"काळोख!" ते म्हणाले. "मध्यभागी काळोख! नीलकंठजी, मिल गया!"

"काय मिळालं सर?" विनतानं विचारलं.

"न दिसणारं द्रव्य! दिसत नाही म्हणूनच तर काळं आहे ना!"

"सर, ते असं दिसत नाही. आपल्या एवढ्याशा पात्रात, डोंगराच्या आडोशाशिवाय, ते सापडायचंही नाही. हा यंत्राचा दोष आहे. मला दोन दिवस द्या."

"बाई, तुम्ही परदेशात राहिलात, तुमची हिंमत खचली आहे," भय्यासाहेब प्रेमानं म्हणाले आणि फोन करायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका हिंदी पेपरात पहिल्याच पानावर आलं: 'जबलपुर के बर्तन में कैद हुआ ब्रह्मांड का अंधेरा'. सोबत भय्यासाहेबांचा फोटो, हात पात्रावर, नजर आकाशाकडं. सकाळपासून संस्थेत गर्दी. पनागरचे भाजीवाले टोपल्या बाहेर ठेवून आत डोकावून गेले. एकानं मला विचारलं, "भैया, ये अंधेरा बाहर तो नहीं आएगा?" मी त्याला चहा दिला. रांझीत विनताच्या वडिलांकडं कारखान्यातले जुने लोक पेढे घेऊन गेले. पोरगी कामात आहे एवढंच त्यांनी सांगितलं. पेढे त्यांनी खाल्ले की नाही ते मला ठाऊक नाही.

विनताला मी तेव्हा पहिल्यांदा रागावलेली पाहिली. ती आरडाओरडा करत नव्हती, फक्त पेला जोरात खाली ठेवत होती. "काका, उद्या यावर जगभर लोक हसतील. मी ज्यांच्यासोबत काम केलं ते सगळे वाचतील. आणि खाली नाव माझं असेल."

"मग बोल ना त्यांच्याशी."

"बोलून झालं. ते मला नोबेलचे कपडे कुठं शिवावे ते विचारून राहिले."

शनिवारी दुपारी भय्यासाहेबांनी पत्रकारांना बोलावलं. काकूंनाही मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. पडदा मोठा करून भिंतीवर टाकला होता. रात्रंदिवस ठिपके पडत राहिल्यानं आता चित्र गुरुवारपेक्षा कितीतरी स्पष्ट झालं होतं. भय्यासाहेबांनी काठी घेऊन काळ्या जागेवर ठेवली आणि बोलू लागले. विश्व, वेद, शुद्धता, जबलपूर, सगळं झालं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी मोठ्या मनानं विनताला दोन शब्द बोलायला सांगितलं.

विनता उठली. "मी एकच दाखवते," ती म्हणाली. तिनं भय्यासाहेबांच्या हातातली काठी घेतली आणि काळ्या जागेच्या कडेनं हळूहळू फिरवली. आडवी, मग खाली, मग आडवी, मग वर. "याला चार कोपरे आहेत. कोपरे काटकोनात आहेत. विश्वाचा अंधार असा कापून येत नसतो. ही कुठल्यातरी वस्तूची सावली आहे. आतल्या डोळ्यांच्या खाली काहीतरी ठेवलेलं आहे, त्यामुळे मधलं त्यांना दिसत नाही. काय ते मला माहीत नाही. पात्र माझ्या येण्याआधी बंद झालेलं आहे."

पत्रकार भय्यासाहेबांकडं पाहू लागले. भय्यासाहेब भिंतीकडं पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो हळूहळू उतरत गेला आणि खाली दुसरंच काही दिसू लागलं. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्यांना खरोखरच आठवलं नव्हतं.

बोलल्या त्या भानुमतीकाकू. "अहो भय्यासाहेब, ती ह्यांच्या नावाची पाटी तर नसेल ही?"

"कोणती पाटी?" विनतानं विचारलं.

"मी देणगी दिली तेव्हा भय्यासाहेबच म्हणाले होते ना. काकू, बाहेर पाटी सगळेच लावतात, तुमच्या यजमानांचं नाव आपण आत, सर्वांत शुद्ध जागी ठेवू. तांब्याची केली होती. मीच चिंचेनं घासून दिली होती, लख्ख."

"चिंचेनं," विनता पुटपुटली आणि खाली बसली. पाटीवरच्या चिंचेचा अंश झेनॉनमध्ये उतरत होता; दोन वर्षं गाळूनही तो हवा तसा स्वच्छ का होत नव्हता, याचा हिशेब तिला लागला असावा.

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. भय्यासाहेब म्हणाले, "ती भावनेची बाब होती." आणि पत्रकारांना त्यांनी चहाला नेलं.

शिशाचं ते सुतक फिटल्यावर विनतानं झेनॉन टाक्यांमध्ये परत भरून घेतला, पात्र हळूहळू कोमट होऊ दिलं आणि मग झाकण काढलं. या कामाला काकू हट्टानं हजर राहिल्या. चपला त्यांनी दारात काढल्या, डोक्यावर कागदी टोपी घातली. पाटी खरोखरच तिथं होती, वरच्या डोळ्यांच्या खाली, मधल्या जाळीवर तारेनं बांधलेली. विनतानं हातमोजे घालून ती सोडवली आणि काकूंपुढं धरली.

काकूंनी ती वाचायला बराच वेळ घेतला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. वर मोठ्या अक्षरात होतं, 'संस्थापक-संचालक भय्यासाहेब देवपुजारी यांच्या प्रेरणेने'. त्याखाली पदव्या. त्याखाली तारीख. आणि अगदी तळाशी, जागा उरली तेवढ्यात, 'साह्य: कै. पुंडलिकराव'.

"मी घासली तेव्हा ती कोरी होती," काकू म्हणाल्या. "नाव नंतर घातलं."

भय्यासाहेब दारातच उभे होते. "काकू, कारागिरानं अक्षरांचा आकार चुकवला," ते म्हणाले. "मी त्याला तेव्हाच बोललो होतो."

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी पाटी विनताच्या हातात परत दिली. "मला वाटे, हे आत आहेत," त्या म्हणाल्या. "सोमवारी लोक हात जोडत तेव्हा मीही जोडत होते. मला वाटे ह्यांनाच जोडून राहिले सगळे." मग पदरानं डोळे टिपून त्यांनी विचारलं, "आता हे पुन्हा भरायला किती दिवस लागतात, बाई?"

"धुऊन, तापवून, गाळून... दोन-तीन महिने."

"लाव. काही लागलं तर सांग. पण आत कोणाचं नाव नको. बाहेर नको, कुठंच नको. ह्यांचंही नको."

पुढच्या बैठकीत हा ठराव झाला. भय्यासाहेबांनी तो स्वतः मांडला. दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या दाराशी संगमरवरी फलक लागला: 'श्रीमती भानुमतीबाईंच्या इच्छेनुसार येथे कोणाचेही नाव लावण्यात आलेले नाही. आज्ञेवरून, भय्यासाहेब देवपुजारी, संस्थापक-संचालक'. पेपरात त्यांनी खुलासाही दिला, की मोठ्या यंत्रांतली लपलेली वस्तू शोधून काढण्याची ही पद्धत जबलपुरात पहिल्यांदा यशस्वी झाली. त्यावर त्यांना भोपाळला भाषणाचं बोलावणं आलं. भाषण चांगलं झालं म्हणतात. सोमवारची चकती मात्र त्यांनी बंद केली. पाहुण्यांना आता ते सांगत, "बाहेरून काय तपासता? आत मिसळावं लागते."

पात्र पुन्हा भरलं तेव्हा थंडी सुरू झाली होती, मळ्यात मटार आला होता. विनतानं झडप उघडली. काकू घरून कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन आल्या होत्या, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांनी संस्थेचा चहा घेतला. कप तेवढा स्वतः विसळून घेतला. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. ठिपके आधी काठाला आले, मग आत सरकले. दुपारनंतर मधोमध एक पडला, मग त्याच्याजवळ दुसरा. सकाळपासून हलत असलेला विनताचा गुडघा थांबला.

"झालं का नीट?" काकूंनी विचारलं.

"झालं काकू. आता मधलं दिसून राहिलं."

"काय दिसून राहिलं?"

"काही नाही. जे टाकलं तेच. सगळीकडे सारखं."

काकूंना ते पटलं की नाही कोण जाणे. त्यांनी डबा विनतापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "खा आधी. सकाळपासून उपाशी आहेस." विनतानं वडी उचलली आणि खाता खाताच पडद्याकडं पाहत राहिली. बाहेर कोणीतरी पाहुणे आले होते. भय्यासाहेबांचा आवाज जवळ येत होता. मी चपला ठेवायला उठलो.